दोन दाव्यांच्या मधली जागा

२० जानेवारी २०२५

मोने,

न्हाई, रुसले न्हाई. रुसत्यात त्या नव्या नवऱ्या, त्यांची समजूत काढायला कुनीतरी असतं. मी चिडलेय. आमच्या निकिताला सांगून ठेवलंय, मोनीचा फोन आला तर म्हनावं सासू मेली, दहाव्याला ये. ती येडी खरंच तसं म्हनली असती, म्हनून फोनच उचलू दिला न्हाई.

फोनवर तू लाडात येतीस आन माजा राग पातळ हुतो. शिवाय सूनबाई फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडत ऐकत बसती. हा राग मला दाट ठेवायचाय, म्हनून पत्र.

काल गोरख आल्ता. तुजा बाप. राहात्यावरनं हितं कर्जतपातुर गाडी हानत आला आन पानीसुद्धा घेतलं न्हाई. बुटासकट वट्यावर बसला, मोबाईल माज्या नाकाला लावला. म्हनला, "बघ ताई, माज्या लेकीनं माजी अब्रू कोपरगावात नेऊन टांगली."

मोबाईलात तू हुतीस. तुज्या शाळंत जमिनीवर गुरं बांधायची दोन दावी गोल पसरल्याली, एकात एक गुतल्याली. भोवती पोरं. आन तू सांगतीस, एका घरात एक बहीन हुती, एक भाऊ हुता. बहीन भावाला पाठीवर घेऊन शाळंत जायची. म्हनलं असंल कुनाची तरी गोष्ट. मग एक पोरगं इचारतंय, मॅडम ही खरी बाई हाय का. आन तू तोंड वर करून म्हनतीस, "हो, माझी आत्या."

भवाने, दिवाळीत हितं आलीस तवा मी तुज्याम्होरं बोलत हुते आन तू खाली मान घालून खरडत हुतीस. मला वाटलं किराण्याची यादी करतीस. मला काय ठाऊक त्या यादीत साखरंच्या खाली मीच हाय.

गोरख म्हनला, आवंदा चैत्रात यात्रंला न्यायला येनार न्हाई. ज्या बहिनीनं माज्या पोरीच्या कानात असलं भरवलं, तिनं माज्या दारात येऊ नये. तुला ठाऊक हाय, तुजे मामा, म्हंजे आमचे मालक, गेल्यापासून वरसातनं तेवढे चार दिस मी माहेरी जाते. हितं मी कुनाची सासू, कुनाची आजी, कुनाची म्हातारी. तितं येशीत पाय टाकला की पारावरची मानसं म्हनत्यात, "रत्नी आली." तेवढं ऐकायला मी वरीसभर थांबते. ते तू घालवलंस.

तवा आता तो धडा पुसायचा. पोरांना सांगायचं, मॅडमचं चुकलं. त्या बहिनीनं शाळा आपल्या मनानं सोडली, तिला शेरडं राखायची लई हौस हुती.

दाव्यातली,
तुजी आत्या

—

२४ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. पोस्टमनकाकांनी वर्गातच हातात दिलं आणि चौथीची सगळी पोरं "मॅडम, कुणाचं, कुणाचं" करत मागे लागली. अर्ध्या वर्गानं पोस्टानं आलेलं पत्र पहिल्यांदाच पाहिलं. मी म्हटलं, माझ्या आत्याचं आहे. ओंकार लगेच म्हणाला, "तीच का, पाठीवरची?" मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलेय.

तुझं नाव घ्यायचं नव्हतं. पोरानं विचारलं आणि तोंडातून गेलं. त्याबद्दल तू मला बदडलंस तरी चालेल. पण धडा का घेतला ते ऐकून घे.

पुस्तकात असतं, 'गाव आणि शहर यांची तुलना करा'. पोरं पाठ करतात, गावात शांतता असते, शहरात गोंगाट असतो. ओंकारचं घर शुगर फॅक्टरीच्या रस्त्याला. भोंगा वाजतो, उसाचे ट्रॅक्टर रात्रभर गाणी लावून जातात, पोराची झोप होत नाही. तरी तो वहीत लिहितो, गावात शांतता असते. मी विचारलं तर म्हणाला, "खरं लिहू का उत्तर लिहू?"

त्या दिवशी मी ठरवलं, पुस्तकातलं नको. वर्गातल्या संस्कृतीच्या घरून दोन दावी मागवली. एका गोलात फक्त बहिणीचं टाकायचं, दुसऱ्यात फक्त भावाचं, आणि दोन्ही गोल एकमेकांवर येतात त्या मधल्या जागेत दोघांचं. पोरांनी चिठ्ठ्या लिहून टाकल्या. भावाच्या गोलात सायकल, हायस्कूल, कॉलेज, नोकरी. बहिणीच्या गोलात शेरडं, खुरपं, लग्न. मधली जागा किती वेळ रिकामीच. मग संस्कृती उठली आणि तिनं एक चिठ्ठी टाकली, 'दोघांचे आईवडील एकच.' पोरं रांगेत उभी राहून ती चिठ्ठी वाचायला लागली, आत्या. दंगा करणारी पोरं आहेत ती.

मग ओंकारनं विचारलं, "ती हुशार होती तर तिला का काढलं?"

केंद्रप्रमुखांना धडा आवडला, त्यांनी व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो बाबांपर्यंत कसा गेला मला माहीत नाही. बाबा माझ्याशीही बोलत नाहीत.

आणि मी किराण्याची यादी करत नव्हते. पोरांना शिकवते तेच करत होते. पान मधोमध दुमडायचं. डावीकडे ऐकलेलं लिहायचं, थोडक्यात. उजवीकडे ते ऐकून मनात आलेला प्रश्न. डावीकडे तुझं म्हणणं आहे, 'गोरख पहिलीत गेला, त्याला पाठीवर न्यायची गरज संपली, आबांनी मला शाळेतून काढलं.' उजवीकडे मी लिहिलं, 'तेव्हा भाऊ काय म्हणाला?' तो प्रश्न विचारायचा राहिला, कारण तू करंज्या जळताहेत म्हणून उठलीस.

आत्या, करंज्या दुपारीच तळून झाल्या होत्या.

धडा मी पुसणार नाही. तुला शेरडांची हौस होती असं सांगितलं तर ओंकार पुन्हा 'उत्तर' लिहायला लागेल.

तुझी,
मोनिका

—

३१ जानेवारी २०२५

मोने,

करंज्या जळत हुत्या. तुला वास कळत न्हाई. लहानपनी दूध उतू जाऊन खालचा जाळ इझला तरी तू पाटावर बसून गोष्टीचं पुस्तक वाचत हुतीस, ते तुज्या आईला इचार.

मोटी मास्तरीन झालीस. आत्या सांगती पूस, तर म्हनं पुसनार न्हाई. तुला लंगोट बांधलाय म्या.

आन त्या ओंकारला सांग, ती बहीन हुशार बिशार काय न्हवती. आमच्या टायमाला एक खोली, एक गुरुजी, चार वर्ग चार कोपऱ्यात. सगळ्यांचे पाढे सगळ्यांच्या कानावर. दारात आमच्या कोंबड्या यायच्या, त्या अजून जगल्या असत्या तर सतरा सक्कं तुला म्हनून दावलं असतं. म्हनून काय कोंबड्यांना हायस्कूलला घालायचं का?

मी माज्या मनानं सोडली. दिवाळीत तुला आबांनी काढलं म्हनले ते गमतीनं म्हनले. मी काय बी बोलते, गावाला ठाऊक हाय. माज्या बोलन्यावर धडा बांधनारी तूच पैली.

तुज्या बापानं सव्वीस जानेवारीला शाळंत भाषन केलं. दरसाल करतो. "चिखल तुडवत मी शाळेत गेलो." त्याचा बी व्हिडिओ आला, निकितानं दाखवला. चिखल म्या तुडवला. तो वर बसून माजी येनी वढत हुता, बैलाला हाकल्यावानी. निकिता हसली तर मी तिच्यावर खेकसले. ते सोड. ते डावीकडं लिहू नको, उजवीकडं बी लिहू नको.

परवा गोरख परत आल्ता. ह्या बारीला च्या घेतला. म्हनला, "ताई, तू तुज्या हातानं एक पत्र लिहून दे, मोनीच्या वर्गात वाचायला. शाळा माजी मी सोडली म्हन. मग झालं गेलं इसरू, यात्रंला मी सोता न्यायला येतो." मी म्हनलं, लिहिते.

तर माजं पत्र यील. मुकाट्यानं वाचायचं पोरांम्होरं. मधी तुजं शानपन घालायचं न्हाई. चार दिसांचं माहेर हाय माजं, त्याच्यात तुजी दावी नकोत.

आत्या

—

८ फेब्रुवारी २०२५

चि. मोनिका हिस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, आपण आपल्या वर्गात माझ्याविषयी जी माहिती दिली ती चुकीची आहे. मी इयत्ता चौथीत असताना माझे शिक्षण स्वेच्छेने सोडले. माझे वडील व बंधू यांनी मला शिक्षणासाठी वेळोवेळी प्रोत्साहन दिले होते. तरी सदर धडा रद्द करून विद्यार्थ्यांना योग्य ती माहिती द्यावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

श्रीमती रतनबाई

—

१२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तू म्हणालीस तसं केलं. पत्र वर्गात वाचलं, मुकाट्यानं. पण आता मी चिडलेय, आणि मलाही राग पातळ करायचा नाही, म्हणून फोन केला नाही.

वाचून झाल्या झाल्या ओंकार म्हणाला, "मॅडम, ही ती आजी नाही." मी म्हटलं, कशावरून? आणि हा प्रश्न विचारला की आमच्या वर्गात काय होतं ते तुला आता ठाऊक आहे. पोरांनी कोपऱ्यातली दावी आणली.

एका दाव्यात हे पत्र ठेवलं. दुसऱ्यात तुझी आधीची दोन. बाबांबद्दलचं काही मी वाचलं नाही, घाबरू नकोस. कोंबड्या वाचल्या, करंज्या वाचल्या, सासू मेली दहाव्याला ये हे वाचलं. संस्कृतीला हसून उचकी लागली. मग चिठ्ठ्या पडायला लागल्या. आधीच्या पत्रांच्या बाजूला, 'मोने म्हणते', 'सगळ्यांना चिडवते', 'कोंबड्यांना शाळेत घालते'. नव्या पत्राच्या बाजूला, 'कुणालाच चिडवत नाही', 'मॅडमना आपण म्हणते', 'कुणी रागावल्यावर लिहितात तसं आहे'.

मग 'स्वेच्छेने' आला. नवा शब्द आला की मी अर्थ सांगत नाही. वाक्यावरून ओळखायचा, मग त्याचं आपलं एक वाक्य करायचं, मग हा शब्द आपल्या घरात कोण म्हणतं ते सांगायचं. ओळखला त्यांनी. ओंकारचं वाक्य, 'मी स्वेच्छेने शाळेत येत नाही, आई पाठवते.' पण घरात कोण म्हणतं, याला कुणाचाच हात वर झाला नाही. संस्कृती म्हणाली, "ह्या आजीच्या घरात कोण म्हणतं, ते मॅडम तुम्ही सांगा." मी पुढच्या शब्दाकडे वळले. खरं तर सांगता आलं असतं. आपल्या सगळ्या नात्यात तो शब्द भाषणात वापरणारा एकच माणूस आहे.

तरीही मधल्या जागेत एक चिठ्ठी पडली. 'अक्षर एकच.' खरंच एकच आहे, आत्या. 'श'ची शेपटी दोन्हीकडे खालच्या ओळीत उतरते. 'ल' दोन्हीकडे तसाच पोट फुगलेला. म्हणजे लिहिलंस तूच. बाबांनी समोर बसून एकेक शब्द सांगितला आणि तू खाली मान घालून उतरवून घेतलास. जी बाई सरपंचाला भर ग्रामसभेत "खाली बस, टोपी पडंल" म्हणते, ती हे लिहिते. चार दिवसांच्या यात्रेसाठी.

वर्ग म्हणतो, आजीनं लिहिलंच नाही. मी म्हणते, लिहिलं. पत्र सोबत पाठवतेय. तूच सांग कोण चुकलं, मी की पोरं.

आणि तो प्रश्न अजून पानाच्या उजव्या बाजूलाच आहे.

मोनिका

—

१७ फेब्रुवारी २०२५

मोने,

तू चुकलीस. पोरं बरूबर.

ते पत्र म्या लिहिलं न्हाई. पाकिटातनं निघालं तवा घडीभर मलाच वाटलं, झोपंत लिहिलं की काय. लिहिते म्हनले हुते खरी. बसले बी हुते. कागद घिऊन चुलीम्होरं बसले, 'मोने' लिहिलं, 'म्या शाळा' लिहिलं, आन म्होरं पेन चालंना. तीनदा कागद चुलीत घातला. निकिता म्हनली, आत्याबाई, चुलीला सरपन हाय की. गोरखचे फोन चालूच. झालं का, धाडलं का. मी म्हनायची, धाडते. शेवटाला त्यानं सोताच लिहिलं आन खाली माजं नाव घातलं.

आन अक्षर तर एकच असनार. त्याचा हात माज्या हातात धरून म्याच गिरवून घेतलाय. चार वरसाचा बी न्हवता, माज्या मांडीवर बसून पाटीवर श काढायचा. शेपटी माज्याकडनं घेतली, पोट माज्याकडनं घेतलं. तीस वरसं फॅक्टरीत त्यानं माज्या अक्षरात लोकांच्या हजेऱ्या मांडल्या. आन आता माज्याच अक्षरात मला श्रीमती म्हनतो.

तुजं पत्र वाचलं आन निकिताकडनं फोन घेतला. तिला म्हनलं, टाक स्पीकरवर, आन भाजी घिऊन बस, आज ऐकायला हरकत न्हाई. गोरखला इचारलं, तू लिहिलंस?

तर म्हनला, "तू लिहिनास म्हनून. तुज्याचसाठी केलं ताई. तुला यात्रंला यायचंय ना?"

मी म्हनलं, "तू न्यायला येऊ नको. मी एस्टीनं येते. फाट्यावर उतरंन आन चालत यीन. वाट मला ठाऊक हाय, तुला पाठीवर घिऊन तिनंच गेलेय. आन तुज्या घरी उतरायची न्हाई. देवळाच्या वट्यावर झोपंन, चारी दिस. पारावरच्यांनी इचारलं रत्नी हितं का, तर तुज्या भाषनासारकं माइक लावून सांगंन."

"ताई, लोक काय म्हनतील," म्हनला.

म्हनलं, "लोकांचं तू बघ. तुला लोकांची लई सवय हाय."

फोन ठिवला तर निकिताच्या हातातली मेथी तशीच. तिला म्हनलं, निवड की, कापूस वेचतीस का?

आता घे तुजा कागद. उजवीकडचं डावीकडं आन.

एक खोली हुती हे तुला सांगितलंय. गोरख पैलीत, त्या कोपऱ्यात. मी चौथीत, ह्या कोपऱ्यात. गुरुजी मानूस चांगला. पन त्यांना एक खोड हुती. माजी पाटी उचलायचे आन पार खोलीभर चालत जाऊन त्याच्या पाटीशेजारी धरायचे. "बघ रे गोरख. बहिणीचं अक्षर बघ. तिचं गणित बघ. तुमचे दोघांचे आईवडील एकच ना?" त्यांना वाटायचं पोराला ईर्षा वाटंल. रोज. पोरं हसायची. मी बी हसायची, लपवत कशाला. मला लई बरं वाटायचं.

तुज्या संस्कृतीनं चिठ्ठी टाकली ना, दोघांचे आईवडील एकच, ते म्या पत्र काढून परत वाचलं. तेच वाक्य हाय गुरुजींचं. पोरीचं काय चुकलं न्हाई. तिनं ते माज्या बाजूनं टाकलं.

एक दिस गोरख सांजंला गोठ्याम्होरं बसला आन आबांना म्हनला, "ताई शाळंत आसंल तर मी जानार न्हाई." जेवला न्हाई. दुसऱ्या दिशी बी जेवला न्हाई. आबांनी तंबाकू मळली, तोंडात टाकली आन मला म्हनले, "रत्ने, उंद्यापासनं शेरडं घिऊन जा." तेवढंच. तंबाकू मळायला लागतो तेवढा इचार केला त्यांनी. गुरुजी घरी आले, वार्षिक परिक्षेपातुर तरी ठिवा म्हनले. आबा म्हनले, पोरगं शिकलं पायजे. मी दाराआड हुते. गोरख माज्या शेजारी हुता, माजा पदर, म्हंजे परकराची कड धरून उभा. त्यानं ऐकलं.

त्याला समदं ठाऊक हाय. तुजी दावी बघून उगं पेटला न्हाई तो. अब्रूबिब्रू काय न्हाई, परत कुनीतरी त्याची पाटी माज्या पाटीशेजारी धरली, म्हनून पेटला. साठीला आला तरी.

तवा मास्तरीनबाई, दाव्यात गावं घाल, शेरडं घाल, पत्रं घाल, मी तर हायेच. पन वर्गातली दोन पोरं कवा शेजारी उभी करून बघ-ह्याचं-बघ-त्याचं करशील, तर मी कोपरगावला यीन आन तुज्याच दाव्यानं तुला खांबाला बांधीन. ओंकारचं काय चुकलं तर ओंकारला सांग. संस्कृतीची वही त्याच्या नाकाला लावू नको.

पोरांना हे पत्र वाचलंस तरी चालंल. गोरखचं नाव बी वाच. ज्यानं माजं नाव वापरलं त्याचं मी का झाकू?

एक ऱ्हायलं. दिवाळीत तू इचारलं हुतंस, आत्या, तुला राग न्हाई येत का. मी म्हनलं, कुनाचा? आबा गेले, गुरुजी गेले, मेलेल्यांचा काय राग करायचा. आन हसले, आन करंज्यांकडं गेले.

मला गोरखचा राग हाय मोने. आत्ताच्या न्हाई, ह्या टकल्याचा मला निस्ता वैताग हाय. मला त्या गोठ्याम्होरच्या गोरखचा राग हाय. सहा वरसाचं पोर हुतं, उपाशी हुतं, माजा हात धरून झोपायचं, समदं ठाऊक हाय मला. तरी हाय.

आत्या